चिंधीचा खांब

फार पूर्वीची ही गोष्ट. किती पूर्वीची, ते मला विचारू नका. ज्या राज्यात ती घडली त्या राज्याच्या राजाचं नावसुद्धा आता कुणाला आठवत नाही, आणि त्यावाचून गोष्टीचं काही अडतही नाही. लहानांनी ती मांजरासाठी ऐकावी आणि मोठ्यांनी स्वतःसाठी.

त्या राज्यात नदीकाठी सतरंज्या विणणाऱ्यांचं एक गाव होतं. घरोघरी माग होते. दिवस उजाडला की गल्लीगल्लीतून सूत ठोकून बसवणाऱ्या फणीचे ठोके ऐकू येत, आणि ठोके थांबले की ओळखावं, जेवणाची वेळ झाली. गावच्या देवळात एक भली मोठी सतरंजी अंथरलेली असे. चैत्रातल्या उत्सवाला सगळा गाव तिच्यावर मांडीला मांडी लावून बसे. ती झिजली की नवी विणण्याचा मान पाळीपाळीनं एकेका घराला मिळे. पाळी फिरून यायला एक पिढी सहज उलटे, त्यामुळे काही विणकर त्या मानाची वाट बघत बघतच म्हातारे होऊन जात.

मान मोठा, तशी परीक्षाही कडक. नवी सतरंजी देवळात आणली की आधीच्या पाळीच्या घरातलं वडील माणूस तिच्यावरून तळहात फिरवी. कड सैल लागली, सूत तुटलेलं लागलं किंवा झाकून ठेवलेलं रफू सापडलं, तर सतरंजीची घडी घालून ती परत द्यायची आणि मान पुढच्या घराकडे जायचा. यात कुणी कुणावर रागवत नसे, आणि रडूनही काही उपयोग होत नसे.

त्या गावात आणखी एक रीत होती, जरा चमत्कारिकच. मागावर ताणा, म्हणजे उभं सूत, चढला की काम पुरं होईपर्यंत त्या घरात कुणी 'नको' हा शब्द उच्चारायचा नाही. 'नको' ऐकलं की सूत रुसतं, असं म्हणत. पोर चुलीकडे रांगत निघालं तरी आई म्हणायची, "इकडे ये बाळा, हे बघ काय आहे." पाहुण्याचं पोट भरलं तर तो पानावर आडवा हात धरायचा. ही रीत का पडली ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण पाळत सगळे.

तर त्या वर्षी पाळी आली नागोजीच्या घरी.

नागोजीनं सत्तरी गाठली होती. बायको वारलेली. मुलगा सतरंज्यांच्या गाठी घेऊन दूरदूरच्या बाजारांना गेलेला, तो उत्सवालाच परतायचा होता. घरात उरली सून, हंसा. देवळाची सतरंजी इतकी रुंद की ती विणताना मागाच्या दोन टोकांना दोघांनी बसावं लागे. एका टोकाला नागोजी बसे, दुसऱ्या टोकाला हंसा. "ही एवढी देवळात अंथरलेली बघितली, की मी डोळे मिटायला मोकळा," असं नागोजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. सांगायचा हसत हसत, पण ते खरं होतं. पुढची पाळी बघायला तो उरणार नव्हता.

घरात तिसरं माणूस म्हणजे मांजर. चिंध्यांच्या टोपलीत जन्मली म्हणून तिचं नाव चिंधी. आता विणकराच्या घरात मांजर नुसतं लाडासाठी नसतं. ताण्याला तांदळाची खळ लावलेली असते, आणि खळीच्या वासानं उंदीर गावजेवणाला निघाल्यासारखे येतात. चिंधी होती म्हणून नागोजीच्या मागाखाली एक उंदीर फिरकत नसे.

पण चिंधीला एक खोड होती. झोपून उठली की ती अंग ताणायची, मागच्या पायांवर उभी राहायची आणि मागाच्या पुढच्या रुळावर जी विणलेली सतरंजी गुंडाळली जाई, त्या गुंडाळीत नखं रोवून खर्र खर्र ओरबाडायची. डोळे अर्धे मिटून, अगदी तब्येतीत.

पहिल्यांदा नागोजीनं ते पाहिलं तेव्हा तो धावत गुंडाळीपाशी गेला. उजव्या कोपऱ्यातले पाचसहा धागे उपसून आले होते आणि दोन तर तुटलेच होते. न उच्चारायचा शब्द अगदी ओठांवर आला होता, तो त्यानं कसाबसा गिळला आणि हातातली लोखंडी फणी मागाच्या लाकडावर दाणकन आपटली. चिंधी जी पळाली ती संध्याकाळपर्यंत दिसली नाही.

नागोजीनं दार लोटून घेतलं आणि दोन दिवस खपून त्या जागेचं रफू केलं. हात कसलेले होते. तिसऱ्या दिवशी ती जागा शोधायला त्याला स्वतःलाच डोळे ताणावे लागले.

हंसा बघत होती. "मामंजी," ती हळूच म्हणाली, "हे झाकलेलं रफू झालं की हो."

"तळहाताला लागलं तर झाकलेलं," नागोजी म्हणाला. "लागणारच न्हाई."

हंसा पुन्हा आपल्या टोकाला जाऊन बसली. सासऱ्याला उलट बोलायची तिची पद्धत नव्हती, पण तिला ते पटलं नव्हतं.

त्या दिवसापासून घरात लढाई जुंपली. चिंधी गुंडाळीकडे वळली की नागोजी फणी आपटे. कधी टाळ्या वाजवी, कधी तांब्यातलं पाणी तिच्या अंगावर शिंपडी. चिंधी हुशार होती. तिनं यातून एवढंच शिकून घेतलं, की म्हातारा घरात असताना ओरबाडायचं नाही, तो आंघोळीला गेला की उरकून घ्यायचं.

"थांब," नागोजी एके दिवशी तिला म्हणाला. "तुला तुझा खांबच करून देतो. त्यावर चालव काय नखं चालवायची ती."

विचार चांगला होता. पण नागोजी पडला कारागीर माणूस, आणि कारागिराला कुठलीही वस्तू देखणी केल्याशिवाय चैन पडत नाही. तो सुताराकडे गेला. उत्तम सागाचं लाकूड निवडलं. सुतारानं ते कातून हातभर उंचीचा खांब केला, वर छोटा कळस काढला, लाखेचे लाल-पिवळे पट्टे चढवले आणि तेल चोळून तो असा गुळगुळीत केला की माशीही घसरावी. गल्लीतली माणसं बघायला आली. "मांजराचा थाट आहे बुवा," कुणी म्हणालं, आणि नागोजीची छाती फुगली.

हा खांब त्यानं परसात, न्हाणीच्या मागे नेऊन उभा केला. देवळाच्या सतरंजीशेजारी मांजराचा खांब म्हणजे भलतंच, असं त्याला वाटलं.

चिंधीनं खांब हुंगला. कळसाला एकदा गाल घासला आणि ती निघून गेली. नागोजीनं तिला उचलून परत आणलं, तिचे पुढचे दोन्ही पाय पकडले आणि खांबावर घासून दाखवले. "असं. असं करायचं. कळलं?" चिंधीला कळलं ते इतकंच, की या खांबापाशी आपले पाय धरतात. तिनं त्याच्या मनगटावर एक लांब ओरखडा काढला आणि धूम ठोकली. पळताना तिचा धक्का लागला आणि तो देखणा खांब आडवा झाला. पुन्हा ती परसात म्हणून फिरकली नाही.

पाचव्या दिवशी गुंडाळीवर नखांच्या नव्या खुणा दिसल्या. सूत तुटलं नव्हतं, एवढंच नशीब.  नागोजीला खरोखर रडू आलं. जन्मभर ज्याची वाट पाहिली ते काम एका मांजरापायी हातचं जाणार, असं त्याला स्पष्ट दिसायला लागलं.

त्यानं झाकणाची टोपली काढली आणि चिंधीला तिच्यात घातलं. हंसा धावत आली. तिला जो शब्द बोलायचा होता तो त्या घरात बोलायची सोय नव्हती, म्हणून ती नुसतीच दारात आडवी उभी राहिली.

"तिला इथंच राहू द्या, मामंजी."

"सतरंजी राहील, न्हाईतर ती राहील. बाजूला हो पोरी."

"आन् उंदीर?"

"उंदरांचं बघू."

गावाबाहेर, नदीच्या वळणावर गोजराक्का नावाची म्हातारी राहायची. ती दोर वळायची. बैलांची दावी, मोटेचे नाडे, खाटांच्या सुंभाच्या दोऱ्या, सगळं गाव तिच्याकडून नेई. नागोजीपेक्षा ती दहा वर्षांनी मोठी, त्यामुळे त्याला ती अजूनही नागू म्हणे. नागोजीनं टोपली तिच्या अंगणात ठेवली.

"आक्का, ठेवून घे हिला. तुझ्याकडे वरबाडून नासण्यासारखं काय न्हाई."

"न्हाई खरं," आक्का म्हणाली. "ठेव."

तीन दिवस घर शांत होतं. नागोजीचा हात भराभर चालला. चौथ्या दिवशी सकाळी हंसानं ताण्यावरचं फडकं बाजूला केलं आणि ती तशीच उभी राहिली. उंदरांनी सतरा धागे कुरतडले होते. खळ लागलेल्या सुताचा बारीक भुसा मागाखाली सांडला होता.

मी सांगितलं होतं, असं हंसा म्हणाली नाही. ती खाली बसली आणि एकेक धागा जोडायला लागली. ती काही बोलली असती तर नागोजीला तिच्यावर चिडता आलं असतं. तिनं तेवढीही जागा ठेवली नाही. उत्सवाला दीड महिना उरला होता. नागोजीनं पागोटं डोक्यावर ठेवलं आणि तो नदीच्या वाटेला लागला.

गोजराक्का अंगणात दोर वळत होती. तिच्या बसायच्या जागेपासून दोन हातांवर बाभळीचा एक बुंधा जमिनीत खोल पुरलेला होता. त्याला घायपाताचा जाड दोर खालपासून वरपर्यंत गुंडाळलेला होता. नवा दोर त्या बुंध्यावर घासून त्याची कुसं काढायची, हा आक्काचा रोजचा उद्योग. आणि त्याच बुंध्यापुढे, मागच्या पायांवर उभी राहून, पाठ धनुकलीसारखी ताणून चिंधी ओरबाडत होती. खर्र खर्र. घायपाताची कुसं उडत होती. आक्का तिच्याकडे बघून म्हणत होती, "वा गं माझी बाय! चालू दे."

नागोजी बघतच राहिला. "आक्का, किती मारलंस तिला हे शिकवायला?"

"मारायचं कशाला? ती उठली, तिला ताणायचं होतं, खांब समोर होता."

"मी पण दिला होता की खांब. सागाचा! रंगवलेला!"

"बघितलाय मी तुझा खांब," आक्का म्हणाली. "झकास होता. तू मांजर असतास तर तुला फार आवडला असता."

नागोजीला हसू आलं आणि रागही आला. त्यानं सगळं सांगितलं. रफूचं तेवढं सोडून सगळं. आक्का दोर वळत ऐकत होती.

"ताणा चढला की तुमच्यात 'नको' म्हणत न्हाईत ना रे?" तिनं विचारलं.

"न्हाई. महिनाभर कुणाच्या तोंडातून गेला न्हाई तो शब्द."

"मग मांजर गुंडाळीकडे गेलं की काय करत होतास?"

"फणी आपटत होतो."

"म्हणजे लोखंडानं म्हणत होतास," आक्का म्हणाली. "पाणी शिंपडून म्हणत होतास. पाय धरून म्हणत होतास. नागू, तोंड बंद ठेवलंस आणि अंगानं रात्रंदिवस तेच बोललास. अरे, तुमच्या वाडवडलांनी तो शब्द काढून टाकला, तो काय जीभ आवळायची शिक्षा म्हणून? 'नको' म्हणायची सोय नसली की माणसाला 'मग कुठं?' हे सांगावंच लागतं. तुमच्यातल्या बायका पोरांना सांगतात बघ, इकडे ये म्हणून. तू मांजराला कधी सांगितलंस, इकडे ये म्हणून?"

 रीत नागोजी जन्मभर पाळत आला होता, पण तिचा असा अर्थ त्यानं कधी लावला नव्हता.

"मग आता मी काय करू?" त्यानं विचारलं.

"काही करू नकोस. बस इथं आणि बघ तिच्याकडं. तुझं कामच आहे की ते, सुताकडं बघायचं. तसंच बघ."

नागोजी बसला. सकाळची उन्हं डोक्यावर येईपर्यंत बसला. त्यानं पाहिलं, की चिंधी झोपून उठल्या उठल्या ओरबाडते, आणि ते रागानं नाही, आपण आळस देतो तसं. तिला पूर्ण लांब व्हायला लागतं, म्हणजे खांब उंच हवा. ती सगळा भार टाकून खाली ओढते, म्हणजे खांब हलता कामा नये. तिला नखं रुततील असं खरबरीत काहीतरी लागतं. आणि ती एकटी कोपऱ्यात जाऊन हे करत नाही, जिथे आपलं माणूस बसलेलं असतं तिथेच करते. मग त्याला सतरंजीची गुंडाळी आठवली. उंच, घट्ट, खरबरीत, न हलणारी, घराच्या ऐन मधोमध. बिचारीनं घरातली सगळ्यांत योग्य जागाच तर निवडली होती! नागोजीला मनापासून वाईट वाटलं. दुष्ट समजून आपण जिला घराबाहेर काढलं, ती नुसती आळस देत होती.

चिंधीला काखेत घेऊन तो घरी आला. वाटेत त्यानं बाभळीचा एक बुंधा पैदा केला, कमरेच्याही वर येईल असा. तो सुताराला दाखवलासुद्धा नाही. परसात एक चिरा गेलेलं दगडी उखळ पडलं होतं, ते हंसाच्या मदतीनं लोटत आत आणलं, त्यात बुंधा उभा करून भोवती दगड-माती ठेचून भरली. गोजराक्कानं येऊन घायपाताचा दोर इतका आवळून गुंडाळला, की दोन फेऱ्यांमध्ये नख जाऊ नये. आणि तो खांब त्यांनी ठेवला बरोबर मागाच्या उजव्या कोपऱ्याशी, गुंडाळीला खेटून. गुंडाळीवर मेणकापड घट्ट ओढून बांधलं.

खांब दिसायला अगदीच गबाळा होता. येणारा प्रत्येक जण त्याला ठेचकाळत होता. नागोजी रोज त्याच्याकडे बघून उसासा टाकायचा, पण हलवत नव्हता.

पहिल्या दिवशी चिंधी उठली, खांबापाशी गेली, वास घेतला आणि सरळ गुंडाळीकडे वळली. नखं मेणकापडावरून घसरली. तिनं पुन्हा पाय वर केले. नागोजीचा हात सवयीनं फणीकडे गेला. फणी उचललीही.  मग नागोजीनं फणी हळूच खाली ठेवली, तो उठला, खांबापुढे उकिडवा बसला आणि स्वतःच्या दोन्ही हातांची नखं दोरावर चालवायला लागला. खर्र खर्र. सत्तरीचा विणकर, अंगात बंडी, डोक्यावर पागोटं, आणि खांब ओरबाडतोय! दारातून जाणारी शेजारीण थबकली, तिनं पदर तोंडाला लावला आणि ती बातमी द्यायला पुढच्या घरी गेली. नागोजीनं मान वर केली नाही.

चिंधीनं कान टवकारले. ती जवळ आली. हंसानं सुताचा एक तुकडा खांबावर उंच धरून हलवला. चिंधीनं तो पकडायला पाय वर टाकले, नखं दोरात रुतली, आणि रुतल्यावर तिला आपोआपच ताणावंसं वाटलं. खर्र खर्र खर्र.

"वा गं माझी बाय!" नागोजी ओरडला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. हंसानं सुकटीचा एक तुकडा चिंधीपुढे टाकला.

असं रोज चाललं. उठली की सूत हलवायचं, ओरबाडलं की सुकट द्यायची. पाय कुणी धरायचे नाहीत. गुंडाळीकडे गेली तर ओरडायचं नाही, खांबावर नखानं खरवडून तिला बोलवायचं. आठ दिवसांत सूत हलवायची गरज उरली नाही. पंधरा दिवसांनी हंसानं भीत भीत मेणकापड सोडलं. चिंधीनं गुंडाळीकडे पाहिलंही नाही.

मग मात्र नागोजीला घाई झाली. येताजाता ठेचकाळून तो कंटाळला होता. त्यानं एका दिवसात उखळ लोटत लोटत खांब परसदारी नेला. दुसऱ्या सकाळी चिंधी उठली, खांबाच्या रिकाम्या जागी गेली, तिथं घुटमळली आणि गुंडाळीपुढे उभी राहिली. हंसानं धावत जाऊन मध्ये आपला हात घातला. चार नखं तिच्या हातात रुतली, सतरंजी वाचली.

नागोजी परसदारी गेला आणि उखळ होतं तिथं परत घेऊन आला. त्यानंतर तो रोज खांब दोन बोटं सरकवायचा, त्याहून जास्त नाही. चिंधीला कळायचंही नाही, आणि खांब हळूहळू मागापासून दूर, खिडकीखाली उन्हाच्या कवडशात जाऊन उभा राहिला. तिथं तो चिंधीलाही पसंत पडला.

एक गंमत झाली. बघायची सवय लागली ती सुटेना. हंसाच्या टोकाची कड थोडी सैल उतरायची, आणि आजवर नागोजी त्यासाठीही फणीच आपटायचा. एका सकाळी त्यानं ती आपटायच्या आधी नुसतं पाहिलं. हंसाच्या बाजूची बसायची फळी त्याच्या बायकोच्या मापाची होती. बायको होती उंच, म्हणून फळी बसकी. हंसाला प्रत्येक ठोक्याला खांदा उचलावा लागत होता, ठोका पोचेपर्यंत त्यातलं बळ निघून जात होतं. नागोजीनं एक गोधडी चौघडी करून तिच्या फळीवर ठेवली. "बस बघू आता." संध्याकाळपर्यंत कड दोरीसारखी सरळ उतरायला लागली. आधीची सैल वीतभर कड दोघांनी मिळून उसवली आणि पुन्हा विणली.

"हे आधीच सांगायचंस की पोरी," नागोजी म्हणाला.

"तुम्ही विचारलंच कुठं, मामंजी?" हंसा म्हणाली. हसली, पण बोलताना तिचा हात खांद्यावर गेला. दोन वर्षं तिचा खांदा दुखत होता.

उत्सवाच्या आदल्या दिवशी सतरंजी मागावरून उतरली. मुलगा घरी आला होता. चौघा गड्यांनी ती खांद्यावर घेऊन देवळात नेली. आधीच्या पाळीच्या घरातल्या ठकूआजीला हाताला धरून आणण्यात आलं. आजीचे डोळे अधू झाले होते, पण तिच्या तळहातातून गाठ सुटत नाही, असं गाव मानायचा. आजी गुडघ्यांवर सरकत सरकत सतरंजीवरून हात फिरवत चालली. कडा तिनं दोनदा तपासल्या. उजव्या कोपऱ्यावरून तिचा हात गेला आणि पुढे निघून गेला. नागोजीचं रफू असं बेमालूम होतं, की त्या तळहातालाही ते लागलं नाही.

"निर्दोष आहे," आजी म्हणाली. "अंथरा."

लोकांनी नागोजीच्या नावानं जयघोष केला. हाच तो क्षण, ज्याची तो तरुणपणापासून वाट पाहत होता. पण नागोजीचं लक्ष त्या कोपऱ्याकडे होतं. त्याला वाटलं, गेले दोन महिने मी दुसऱ्याची खोड काढायला बसलो, आणि माझी तेवढी झाकून ठेवली.

"थांबा," तो म्हणाला. "उजव्या कोपऱ्यात रफू आहे. मीच केलंय, दार लावून."

 मुलानं कपाळावर हात मारला. हंसा मात्र सासऱ्याकडे बघत राहिली आणि पहिल्यांदाच तिला त्याचा अभिमान वाटला.

"कुणी फाडलं होतं?" आजीनं विचारलं.

"नखं मांजराची होती," नागोजी म्हणाला. "पण तिला नखं चालवायला जागा मी दिली नव्हती. मी नुसती फणी आपटत होतो. चूक माझी आहे, आजी. मान पुढच्या घराला द्या."

आजी परत त्या कोपऱ्याशी आली. नागोजीनं तिचं बोट धरून रफूवर ठेवलं. तिनं ती जागा चिमटीत धरून ओढून पाहिली, दोन्ही हातांनी ताणून पाहिली. सूत हललं नाही. 

"रीत काय आहे?" ती शेवटी म्हणाली. "झाकलेलं रफू निघालं तर सतरंजी परत. हे तर त्यानं सगळ्या गावासमोर आपल्या तोंडानं दाखवलं. मग हे झाकलेलं कसं? अंथरा."

सतरंजी अंथरली गेली. दुसऱ्या दिवशी सगळा गाव तिच्यावर मांडीला मांडी लावून बसला. म्हाताऱ्या विणकराला सगळ्यांनी मधल्या जागी बसायचा आग्रह केला, पण तो आपला उजव्या कोपऱ्यात जाऊन बसला, आणि येणाऱ्या प्रत्येकाला ते रफू स्वतः दाखवत राहिला.

पुढच्या वर्षभरात गावातल्या प्रत्येक मागाशेजारी बाभळीचा एक गबाळा खांब उभा राहिला आणि गोजराक्काला दोर वळायला दिवस पुरेना. मांजरं सुखी झाली, सतरंज्या शाबूत राहिल्या. आणि पुढे त्या गावात नव्या सुनेला माग दाखवताना सासवा-सासरे आधी तिला फळीवर बसवून बघायला लागले, फळी तिच्या मापाची आहे का म्हणून.

तात्पर्य : कुणाचीही खोड मोडायची असेल, तर ओरडण्याआधी तिच्यामागची गरज ओळखावी आणि ती भागवायला योग्य जागा द्यावी.